बोलण्याआधीचा विश्वास : चर्चच्या पाळणाघरात काय रुजतं?



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, 'सर, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत हे पाळणाघर कुठून आलं?' प्रश्न रास्त आहे. मागच्या वेळी आपण 'जाणणं' आणि 'मानणं' यांतला फरक पाहिला. माणूस कशाच्या आधारावर एखादी गोष्ट मानतो, याचा विचार केला. तो सगळा विचार मोठ्या, बोलत्या माणसांबद्दल होता. आज आपण जरा खाली बसणार आहोत, अगदी सतरंजीवर. ज्याला अजून बोलता येत नाही, अशा जिवाला विश्वास असू शकतो का? आणि असला, तर तो जोपासायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

पाळणाघर म्हणजे आम्हाला काय अभिप्रेत आहे, ते आधी सांगतो. रविवारची उपासना चालू असते तेव्हा चर्चच्या आवारात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक खोली असते. सतरंजी, चार खेळणी, दुधाच्या बाटल्या, लंगोट बदलायची एक जागा आणि दोन-तीन मावश्या. मोठ्या शहरांतल्या काही चर्चमध्ये ही खोली छान सजवलेली असते. पुष्कळ ठिकाणी ती व्हरांड्याचा एक कोपरा असते. तीन-चार वर्षांपासून पुढे संडे स्कूल, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत शब्बाथ शाळा सुरू होते. आज आपण त्याच्या अलीकडचं बोलतो आहोत.

या विषयात आमची एक जुनी चूक आहे. ती आधी कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

चाळीसेक वर्षांपूर्वी एका मंडळीच्या कार्यकारिणीवर आम्ही होतो. पाळणाघरासाठी एक छताचा पंखा आणि नवी सतरंजी घ्यावी, असा ठराव आला. खर्च 'ख्रिस्ती शिक्षण' या खात्यातून करायचा होता. आम्ही तेव्हा तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट घेऊन नुकतेच आलो होतो. उभं राहून आम्ही सांगितलं की, विश्वास म्हणजे एखाद्या विधानाला दिलेली संमती. संमती द्यायची तर विधान समजायला हवं. ज्या मुलाला 'मी' म्हणता येत नाही, ते 'मी विश्वास धरतो' कसं म्हणणार? सबब तिथे शिक्षण होत नाही, फक्त सांभाळणं होतं. हा खर्च 'इमारत व व्यवस्था' या खात्यात दाखवावा. ठराव आमच्या दुरुस्तीसह मंजूर झाला. ते पाळणाघर आमची थोरली बहीण, आक्का, सांभाळत असे. घरी परत येताना ती एवढंच म्हणाली, 'पंखा मिळाला ना, बास.'

आज आम्ही आमच्याच त्या दुरुस्तीविरुद्ध बोलणार आहोत.

'विश्वास' या शब्दात दोन गोष्टी

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. मराठी ख्रिस्ती माणूस, निदान प्रॉटेस्टंट घरातला, 'श्रद्धा' या शब्दापेक्षा 'विश्वास' हा शब्द अधिक वापरतो. हा शब्द मोठा उपयोगी आहे. 'देव आहे यावर माझा विश्वास आहे' असं आपण म्हणतो, आणि 'माझा आमच्या दूधवाल्यावर विश्वास आहे' असंही म्हणतो. पहिल्या वाक्यात एक विधान खरं मानलेलं आहे. दुसऱ्या वाक्यात विधान वगैरे काही नाही. आपण एका माणसावर विसंबलो आहोत, इतकंच.

ऑगस्टीननेही हा फरक पाहिला होता. जे मानलं जातं तो विश्वास वेगळा, आणि ज्या वृत्तीने मानलं जातं तो विश्वास वेगळा. पहिला पुस्तकात लिहिता येतो, पाठ करता येतो, त्याची परीक्षा घेता येते. दुसरा माणसाच्या आत असतो. आमची चूक अशी झाली की, आम्ही फक्त पहिल्यालाच विश्वास म्हटलं. वास्तविक क्रम उलटा आहे. आधी मूल कुणावर तरी विसंबतं आणि मग त्या माणसाचं म्हणणं खरं मानतं.

विट्गेनश्टाइनने आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत, १९४९ ते १९५१ या काळात, निश्चिततेविषयी ज्या टिपा लिहिल्या, त्यांत हाच मुद्दा आहे. मूल मोठ्यांवर विश्वास ठेवून शिकतं आणि शंका त्यानंतर येते. जो कुणावरच विसंबलेला नाही, त्याला शंकासुद्धा घेता येत नाही. 'याला मांजर म्हणतात' हे ज्याने आधी मुकाट्याने घेतलं, तोच पुढे 'हे खरंच मांजर आहे का?' असं विचारू शकतो.

आता शुभवर्तमानाकडे या. येशूकडे मुलांना आणलं आणि शिष्यांनी आणणाऱ्यांना दटावलं, हा प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. मार्क तिथे 'मुलं' असा साधा शब्द वापरतो. लूक मात्र 'ब्रेफोस' या ग्रीक शब्दाचं अनेकवचन वापरतो. त्याचा अर्थ तान्हं बाळ. एलिझाबेथच्या पोटातल्या योहानासाठी लूकने हाच शब्द वापरला आहे, आणि गव्हाणीतल्या बाळासाठीही. म्हणजे लूकच्या डोळ्यांसमोर प्रश्नोत्तरं करणारी चुणचुणीत मुलं नाहीत, कडेवरची आहेत. ती काही शिकायला आलेली नव्हती. येशूने त्यांना स्पर्श करावा, एवढ्यासाठी त्यांना आणलं होतं. दटावणारे शिष्य म्हणजे त्या काळची कार्यकारिणीच म्हणा ना! आम्ही त्यांच्याच रांगेत बसलो होतो.

बाळाला काय कळतं?

कोणी म्हणेल, 'सर, स्पर्श ठीक आहे, पण बाळाला त्यातलं कळतं काय?' इथे मानसशास्त्राची मदत घेऊ.

१९८० साली अँथनी डी-कॅस्पर आणि विल्यम फायफर या संशोधकांनी दाखवलं की, जन्मून तीन दिवससुद्धा न झालेली बाळं आईचा आवाज ओळखतात. चोखण्याच्या लयीवर आवाज बदलेल अशी व्यवस्था केली, तर ती आपल्या आईचा आवाज येईल अशा लयीत चोखतात. १९८६च्या दुसऱ्या एका अभ्यासात, गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत आईने रोज मोठ्याने वाचलेली गोष्ट जन्मानंतर बाळाला ओळखीची वाटते, असं दिसलं. अर्थ काही कळत नाही, पण लय कळते, आवाज कळतो, 'हे आपलं आहे' हे कळतं.

एरिक एरिक्सनने १९५० साली 'चाइल्डहुड अँड सोसायटी' हे पुस्तक लिहिलं. माणसाच्या आयुष्यातला पहिला प्रश्न विश्वास की अविश्वास हाच असतो, आणि तो साधारण पहिल्या वर्षात उभा राहतो, असं त्याने मांडलं. भूक लागली, रडलो, तर कोणी येतं का? तेच माणूस पुन्हा येतं का? याची उत्तरं बाळ शब्दांत साठवत नाही. ती त्याच्या अंगात मुरतात. माणसाचा हा मूळ विश्वास सांभाळणारी समाजातली संस्था म्हणून एरिक्सन धर्माकडे बोट दाखवतो, हेही लक्षात घ्या. तो काही धर्मोपदेशक नव्हता.

आणखी एक गोष्ट. साधारण आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचं मूल आई नजरेआड झाली की आकांत करतं. पाळणाघराच्या दाराशी दर रविवारी हे चालू असतं. पुष्कळ आयांना वाटतं, 'मागच्या महिन्यापर्यंत कुणाहीकडे जायचा, आता काय झालं याला?' त्याचं काही बिघडलेलं नसतं. दिसत नाही ती वस्तूही कुठेतरी असते, हे त्याला आता कळू लागलेलं असतं. आई आहे, पण इथे नाही. केवढा मोठा शोध आहे हा! आणि केवढा दुःखाचा!

आपल्याकडे या वयाच्या मुलाशी 'बुवाकुक' खेळतात. पदराआड तोंड लपवायचं, पुन्हा दाखवायचं. मूल खदखदून हसतं. या खेळात काय शिकलं जातं? जे दिसत नाही ते नाहीसं झालेलं नसतं, ते परत येतं. न दिसणाऱ्यावर भरवसा ठेवणं, हाच विश्वासाचा गाभा असेल, तर त्याचा पहिला धडा पदराआड गिरवला जातो. आम्ही हे रूपक म्हणून बोलत नाही. 'देव दिसत नाही पण आहे' हे वाक्य पाच वर्षांच्या मुलाला कळण्यासारखं वाटतं, कारण 'आई दिसत नाही पण येणार' हे त्याने एक वर्षाचा असताना शेकडो वेळा अनुभवलेलं असतं. ज्याची आई येत नव्हती, किंवा कधी येई कधी न येई, त्याला ते वाक्य पुढे फार जड जातं.

म्हणून आई परत येणं हे पाळणाघरातलं पहिलं धर्मशिक्षण आहे. आणि म्हणूनच मुलाची नजर चुकवून मागच्या दाराने सटकणं वाईट. रडलं तरी चालेल, पण 'मी जाते, गाणी संपली की येते' असं सांगून जावं आणि ठरल्या वेळी यावं.

शमुवेल कोणाकडे धावला?

पवित्र शास्त्रात पाळणाघराची एक गोष्ट आहे. आपण तिला तसं म्हणत नाही, इतकंच. हन्नाने नवस केला होता. मूल झालं. त्याचं दूध तुटेपर्यंत ती त्याला घेऊन घरी राहिली. यात्रेला जायचंसुद्धा तिने लांबवलं. त्या काळी मूल दोन-तीन वर्षं अंगावर पीत असे. म्हणजे शिलोच्या मंदिरात ती शमुवेलाला घेऊन आली, तेव्हा तो आपल्या पाळणाघरातल्या मोठ्या गटातला असणार. पुढे ती दर वर्षी त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून नेत असे. दर वर्षी माप वाढवत असणार. आईच ती.

पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. रात्री हाक येते, शमुवेल उठून म्हाताऱ्या एलीकडे धावतो. एली म्हणतो, 'मी नाही बोलावलं, जा, झोप.' असं तीनदा होतं. यात एक वाक्य आपण घाईत वाचून पुढे जातो. शमुवेलाला तोवर परमेश्वराची ओळख झालेली नव्हती, असं तिथे स्पष्ट सांगितलं आहे. विचार करा. हा मुलगा मंदिरात राहतो, मंदिरात झोपतो, तिथली सेवा करतो आणि त्याला देवाची ओळख नाही. शास्त्राला यात काही विसंगत वाटत नाही आणि कोणी त्याला दोषही देत नाही.

पण हाक आली तेव्हा तो घाबरून पांघरुणात शिरला नाही. उठून धावला. कोणाकडे? ज्याने त्याला सांभाळलं त्याच्याकडे. देवाचा आवाज त्याला एलीच्या आवाजासारखा वाटला. आमच्या मते पाळणाघराचं सगळं धर्मज्ञान या एका गोष्टीत आहे. मूल देवाची हाक पहिल्यांदा ऐकेल, तेव्हा ती त्याला सांभाळणाऱ्या माणसाच्या आवाजासारखी वाटणार आहे. आता प्रश्न आपल्याला आहे. आपला आवाज कसा आहे? खेकसणारा, की हाक मारली तर धावत यावंसं वाटणारा?

याच गोष्टीची काळी बाजूही शास्त्राने लपवलेली नाही. त्याच मंदिरात एलीचे मुलगे याजक होते. ते अर्पणं लुबाडत, तिथे सेवा करणाऱ्या बायकांशी गैरवागत. एलीला ते कळत होतं. तो नुसतं बोलला, त्याने त्यांना थांबवलं नाही. पवित्र जागा आपोआप सुरक्षित नसते, हे तीन हजार वर्षांपूर्वीचं निरीक्षण आहे. त्याकडे आपण पुन्हा येऊ.

'मुलाला विचारलं होतं का?'

आता सगळ्यात जड आक्षेप. ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याच्यावर धर्म लादणं नैतिक आहे का?

रूसोने १७६२च्या 'एमिल'मध्ये सांगितलं की, मुलाशी देवाधर्माचं काही बोलूच नये, ते पौगंडावस्थेपर्यंत थांबवावं. नाहीतर त्याच्या मनात देवाऐवजी एक विचित्र बाहुलं तयार होईल. या पुस्तकाची पॅरिसमध्ये आणि जिनिव्हातही होळी झाली. पण रूसोची भीती पोकळ नव्हती. तसली बाहुली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या हार्टफर्डचा पाळक होरेस बुशनेल. त्याच्या भोवती संजीवन सभांचं वातावरण होतं. माणसाने आधी आपण पापी आहोत हे ओळखावं, एका विशिष्ट दिवशी त्याचं परिवर्तन व्हावं, आणि मगच तो ख्रिस्ती, असं मानलं जाई. १८४७ साली 'ख्रिस्ती संगोपना'वरच्या आपल्या व्याख्यानांत बुशनेलने विचारलं की, ख्रिस्ती घरातल्या मुलाला आधी परकं का ठरवायचं? विश्वास ज्या हवेत असतो, त्या हवेतच ते वाढू द्या. त्यावर मोठा वाद झाला. त्याने पुस्तक वाढवून १८६१ साली पुन्हा काढलं.

हा वाद आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही. मराठी मुलखात १८१३ साली मुंबईला आणि पुढे १८३१पासून अहमदनगरला ज्या अमेरिकन मराठी मिशनने काम केलं, ते न्यू इंग्लंडच्या याच मंडळ्यांतून आलं होतं. शिवाय आपल्या मराठी मंडळीची पहिली मोठी माणसं प्रौढपणी, घरदार पणाला लावून ख्रिस्ती झाली. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ सालचा, नारायण वामन टिळकांचा १८९५ सालचा. आमच्या कानांवर लहानपणापासून याच कथा पडल्या. त्यामुळे खरा विश्वास म्हणजे निर्णय, खरा विश्वास म्हणजे किंमत मोजणं, असं चित्र मनात पक्कं झालं. ते चित्र थोर आहे. पण ज्या बाळाचे पणजोबा ख्रिस्ती झाले, त्या बाळाने काय करावं? त्याला सोडून येण्यासारखं काही नाही. त्याची सुरुवात वेगळी आहे. तिला कमअस्सल समजायचं कारण नाही.

या बाबतीत आपल्या इथे एक शहाणपणाचा निर्णय झालेला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यांत अँग्लिकन होते, ते तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत. बॅप्टिस्टही होते, ते कळत्या वयात स्वतः कबुली दिल्यावरच देत. शेकडो वर्षांचं भांडण होतं हे. नव्या चर्चने दोन्ही पद्धती मान्य केल्या. आई-वडिलांनी हवं तर बाळाला बाप्तिस्मा द्यावा, किंवा त्याचं अर्पण करून बाप्तिस्मा त्याच्या निर्णयावर सोडावा. म्हणजे आज पाळणाघराच्या एकाच सतरंजीवर बाप्तिस्मा झालेलं बाळ आणि न झालेलं बाळ एकाच बिस्किटासाठी भांडत असतं. मावशीने दोघांत फरक करायचा नसतो, आणि ती करतही नाही.

तर मग लादण्याचं काय? आम्हाला वाटतं, मातृभाषेकडे पाहिलं की उत्तर सापडतं. मराठी शिकवायला आपण मुलाची परवानगी घेतली नव्हती. 'अठराव्या वर्षी ते स्वतः भाषा निवडेल, तोवर गप्प राहू' असं कोणी आई म्हणाली, तर ते मूल स्वतंत्र होणार नाही, मुकं होईल. कोरं बालपण ही वस्तूच अस्तित्वात नाही. आपण काही न देणं हेही देणंच असतं. पण मातृभाषा दुसरी भाषा शिकायला मनाई करत नाही. मराठी विसरलास तर घराबाहेर काढीन, असंही म्हणत नाही. कसोटी इथे आहे. उद्या हे मूल मोठं होऊन म्हणालं की, मला हे पटत नाही, तर त्याला आपल्या घरात आणि मंडळीत प्रेमाने जागा राहील का? 'हो' म्हणता येत असेल, तर आपण विश्वास दिला. 'नाही' असेल, तर आपण कुंपण घातलं.

ऑगस्टीनचंच उदाहरण घ्या. जन्म ३५४ सालचा. तान्हेपणी बाप्तिस्मा झाला नाही. आईने, मोनिकाने, फक्त त्या काळच्या रीतीप्रमाणे क्रुसाची खूण आणि मीठ एवढे विधी करवून घेतले. पुढे तो दूर भटकला. बाप्तिस्मा थेट ३८७ साली, मिलानला. पण तो स्वतः सांगतो की, एकोणिसाव्या वर्षी सिसरोचा ग्रंथ वाचून तो भारावला होता, तेव्हाही त्याला त्यात एक उणीव जाणवली. ख्रिस्ताचं नाव त्यात नव्हतं. ते नाव आईच्या दुधाबरोबर पोटात गेलं होतं. त्या नावाने त्याला बांधून ठेवलं नाही. तो तेरा-चौदा वर्षं मोकळा हिंडला. पण परतीची वाट त्याला ओळखीची वाटली.

सतरंजीवर काय करायचं?

तत्त्व पुष्कळ झालं. आता मावश्यांच्या कामाचं बोलू. यात आमचं स्वतःचं फार थोडं आहे. बहुतेक आक्काकडून शिकलेलं आहे.

पहिलं, माणसं तीच हवीत. दर रविवारी नवी मावशी असेल, तर बाळाला दर रविवारी नवं जग. पाळी लावायची तर निदान महिनाभर एकीची लावा, म्हणजे चेहरा ओळखीचा होतो.

दुसरं, नावाने हाक. गुडघ्यावर बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन. सोफिया कावाल्लेत्ती या विदुषीने १९५४पासून रोममध्ये, माँटेसरी पद्धतीच्या जाणकार जान्ना गोब्बी यांच्याबरोबर लहान मुलांवर काम केलं. तिला दिसलं की, अगदी लहान मुलांना उत्तम मेंढपाळाची गोष्ट सगळ्यांत जास्त भिडते. मेंढपाळ एकेका मेंढराला नावाने ओळखतो, हे त्यांना पुरतं. आपल्याकडे तर रस्त्यावरून धनगराचा कळप जाताना मुलं डोळ्यांनी पाहतात. दोन वर्षांच्या मुलाला पापाचा सिद्धान्त नको. 'देवबापाला तुझं नाव माहीत आहे' एवढं बास.

तिसरं, तेच गाणं, तीच प्रार्थना, त्याच क्रमाने. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. प्रार्थना एका वाक्याची असावी. उपासनेचं व्याकरण शब्दांआधी शरीर शिकतं. हात जोडणं, गप्प होणं, 'आमेन'ला टाळी वाजवणं.

चौथं, लंगोट बदलणं, नाक पुसणं, भरवणं ही कामं 'खऱ्या' धड्याच्या आधीची कटकट समजू नका. या वयात धडा तोच आहे. आपण घाण झालो तरी कोणी तोंड वाकडं करत नाही, स्वच्छ करतं आणि परत जवळ घेतं. पुढे 'क्षमा' हा शब्द येईल, तेव्हा तो याच अनुभवावर उभा राहील.

पाचवं, मुलांना उपासनेत न्या. उपासना संपताना पाच मिनिटं तरी त्यांना आत आणावं, पाळकांनी डोक्यावर हात ठेवावा. पाळणाघर मंडळीच्या शांततेसाठी काढलेलं असेल, तर ते मुलांना बाहेर ठेवण्याचं साधन होतं. बाळाच्या रडण्याने प्रवचनाचा एखादा मुद्दा बुडाला, तर बुडू द्यावा.

आणि न करायची एक गोष्ट. 'देव बघतोय हं!', 'येशू रागावेल!' हे शब्द पाळणाघरात नकोत. मूल लगेच ऐकतं, म्हणून ते सोपे वाटतात. पण आपली दमछाक वाचवण्यासाठी आपण देवाला बागुलबुवा करतो. रूसोला ज्या बाहुल्याची भीती होती, ते हेच.

आता एलीच्या मुलांकडे परत येऊ. ज्या खोलीत बाळं आहेत, तिथे कोणीही मोठं माणूस एकटं असू नये. नेहमी दोघं. दार उघडं किंवा काचेचं. कोण सांभाळणार, त्याची आधी चौकशी. मूल कोणी आणलं आणि कोण नेणार, याची वहीत नोंद. 'अहो, आपलीच माणसं आहेत' हे वाक्य पुरेसं नाही. एलीलाही ती आपलीच माणसं वाटत होती. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२चा पॉक्सो कायदा आहे. त्यानुसार असा गुन्हा झाल्याचं किंवा होण्याचा संभव असल्याचं कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू म्हणून ते झाकता येत नाही. ज्याचा मूळ विश्वास या खोलीत मोडला, त्याला पुढे कोणतंही प्रवचन तो परत देऊ शकत नाही. म्हणून ही वही आणि ते दार यांना आम्ही धर्मज्ञानाचाच भाग मानतो.

शेवटी, आक्का

आक्का आता नव्वदीला आली आहे. गेली काही वर्षं तिला विस्मृतीचा आजार आहे. आम्हाला ती ओळखते की नाही, सांगता येत नाही. प्रेषितांचा विश्वासांगीकार तिला तोंडपाठ होता, आता येत नाही. आमच्या जुन्या व्याख्येप्रमाणे, विधानाला संमती म्हणजे विश्वास, तर आक्काचा विश्वास संपला. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही एका दगडात पाळण्यातलं बाळ आणि अंथरुणावरची म्हातारी अशी दोघांनाही मंडळीबाहेर काढलं होतं. तेव्हा ते आमच्या लक्षात आलं नव्हतं.

मध्यंतरी शेजारची मुलगी आपलं चार महिन्यांचं बाळ घेऊन भेटायला आली. बाळ किरकिरत होतं. तिने ते आक्काच्या शेजारी ठेवलं. आक्काने त्याच्याकडे पाहिलं नाही. पण तिचा हात हलला आणि त्याच्या पाठीवर थोपटायला लागला. लय आम्हाला ओळखीची होती. पाळणाघरात ती जे गाणं म्हणायची, त्याचीच. बाळ गप्प झालं. त्या खोलीत दोन माणसं होती. एकाला अजून शब्द आले नव्हते, दुसरीचे गेले होते. आम्ही, तत्त्वज्ञानाचे डॉक्टर, दाराशी उभे होतो, आणि आम्हालाही काही बोलता आलं नाही.

त्या हिशेबाच्या वहीत पंखा अजून 'इमारत व व्यवस्था' खात्यात असेल. तो 'ख्रिस्ती शिक्षणा'त घ्यावा, अशी आमची दुरुस्ती आहे.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, तीन वर्षांआधीचं कुणालाच आठवत नाही. मग या सगळ्याचा उपयोग काय?

प्रसंग आठवत नाहीत, हे खरं. पण चालायला कुठल्या दिवशी शिकलो हेही आठवत नाही, तरी आपण चालतो. लय, चेहरे, 'हाक मारली की कोणी येतं' हा भरवसा, हे आठवणीत नसतं. ते सवयीत आणि स्वभावात असतं.

प्रश्न : आमच्या छोट्या गावात मंडळी पंचवीस माणसांची. पाळणाघर परवडत नाही. काय करावं?

मग तुम्ही भाग्यवान आहात, बाई. मागच्या बाकाजवळ एक सतरंजी टाका. एका आजींना शेजारी बसवा. बाळ रडलं, तर मागे वळून कपाळाला आठ्या घालायच्या नाहीत, एवढा ठराव मंडळीत मंजूर करून घ्या. बाकीचं आजींना येतं.

पुढच्या व्याख्यानात याच्या पुढचं पाऊल. साधारण चौथ्या वर्षी मूल 'का?' विचारू लागतं, तेव्हा मोठ्यांच्या विश्वासाचं काय होतं, ते पाहू.